वीतभर खाली

आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांच्या घरातून कोणालाही तसंच बाहेर पडता येत नाही. दाराजवळच्या आरशापुढं थांबायचं, पदर, कॉलर, केस नीट करायचे, मगच उंबरा ओलांडायचा. "आरशाला रिपोर्ट करून जावा," हे त्यांचं पालुपद. गॅसवालासुद्धा रिकामी टाकी खांद्यावर घेऊन भांग पाडतो.

आरसा जुना, शिसवी चौकटीचा. वर दोन कोरीव मोर, एकाला चोच नाही. गावाकडं, कुंडलच्या घरात तो सासूकडून थोरल्या सुनेकडे जात आलेला. नोकरी संपल्यावर काकांनी साताऱ्यात घर बांधलं, तेव्हा काकूंनी तो एसटीत मांडीवर धरून आणला. काकू ठेंगण्या, माझ्या खांद्याला लागायच्या. रात्री कपाळावरची मरून टिकली काढून काचेच्या कडेला लावायच्या, सकाळी परत कपाळावर. काकू गेल्या. टिकली तिथंच राहिली.

काका सहा फुटी. दाढी करताना गुडघे वाकवून उभे राहायचे आणि मग गुडघ्यांसाठी माझ्याकडं मलम मागायचे.

"ड्रिल आहे माझ्याकडं. आरसा वीतभर वर घेऊ," मी एकदा म्हटलं.

"भिंत कच्ची हाय."

"सिमेंटची भिंत कच्ची?"

"ताई, तुमाला भिंतीतलं काय कळतंय?"

यंदा काकांच्या थोरल्या मुलानं सांगलीत घर बांधलं. सून आरसा न्यायला आली. सासऱ्यांचं तोंड बघून म्हणाली, "बाबा, राहू दे की इथंच."

"न्हाई. सासूच्या मागं तुझाच. त्यात बदल न्हाई."

ती आरसा पुसायला लागली, तर त्यांनी फडकं काढून घेतलं. "मी पुसतो. तू चहा ठेव." चहा निवला तरी काका पुसतच होते.

आरसा चादरीत गुंडाळून गाडीत गेला. निघताना सून सवयीनं दाराशी थांबली. भिंतीवर नुसता फिकट चौकोन.

"जा आता," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "ताई, डिंक हाय का? लय न्हाई, बोटाला लागंल एवढा."

"कशाला?"

"हाय काम."

दिलेली डिंकाची बाटली परत येईना, म्हणून मीच गेले. काका दाढी करत होते. त्या चौकोनात, कच्च्या भिंतीत, नवा खिळा ठोकून तळहाताएवढा प्लास्टिकचा आरसा टांगला होता. गुडघे तसेच वाकलेले. आरशाच्या कडेला ती टिकली. डिंक जास्त झाल्यानं तिच्याखाली ओघळ वाळला होता.

बाटली न मागताच मी वळले.

"रिपोर्ट," काका म्हणाले.

मी वाकले. आरशात माझा एक डोळा आणि टिकली, एवढंच मावलं. पदर मी अंदाजानंच नीट केला.