रिमोटचं नाक

अण्णांनी रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीतून अलगद बाहेर काढला, पिशवीचं रबर मनगटात अडकवलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही.

कपाटावरचा प्रोजेक्टर चालू होता, समोरची भिंत निळी झाली होती, पण व्हिडिओ काही सुरू होईना. खुर्चीत काळा चष्मा लावून काकू बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी सकाळीच सुटली होती. त्याआधी कित्येक महिने समोरचं माणूस म्हणजे त्यांना नुसता धूर. नात पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ मुलानं पाठवला, तेव्हा सगळ्यांनी तो पाहिला आणि काकूंनी ऐकला. "टाळ्या छान वाजवल्या हो सगळ्यांनी," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. ते अण्णांना फार लागलं होतं. पट्टी सुटली की पहिलं तेच दाखवायचं, तेही भिंतभर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"सावकाश करा," काकू म्हणाल्या. "मी कुठं जात नाही."

आता अण्णांच्या हातातली वस्तू बिघडतेच कशी, हा प्रश्न आहे. भिजेल म्हणून छत्री घरी ठेवून पावसात जाणारा हा माणूस. रिमोट रोज कोरड्या फडक्यानं पुसला जायचा, आणि रात्री त्याच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या डबीत निजवल्या जायच्या.

शेजारचा टेलर धावून आला. "अण्णा, बॅटऱ्या गेल्या असतील."

घड्याळातल्या घातल्या. घड्याळ थांबलं, रिमोट काही चालला नाही. मग टॉर्चमधल्या घातल्या. शेवटी अण्णा स्टुलावर चढले आणि ठार बहिऱ्याच्या कानाशी बोलावं तसा रिमोट प्रोजेक्टरला चिकटवून बटणं दाबू लागले.

"अण्णा, जपून," स्टूल धरून टेलर म्हणाला. आयुष्यभर हा शब्द अण्णांनीच दुसऱ्यांना ऐकवला होता.

"आणा बघू इकडे," काकूंनी हात पुढे केला. रिमोट लांब धरून त्यांनी निरखला. "अहो, याच्या नाकावर हे काळं काय चिकटवलंय?"

"ती चिकटपट्टी. पुढच्या काचेला चरे पडू नयेत म्हणून काल लावली."

टेलर स्टूल सोडून खालीच बसला. "अण्णा, अहो, त्याचा किरण तिथूनच तर बाहेर पडतो."

अण्णा स्टुलावरून खाली उतरले. काकूंनी नखानं पट्टी सोलून काढली.

"चला," टेलर म्हणाला, "दोघांच्या पट्ट्या एकाच दिवशी सुटल्या." आणि तो हळूच आपल्या दुकानात निघून गेला.

बटण दाबताच भिंतीवर नात उभी राहिली. तिनं खुर्ची सोडली, हात पसरले, डुलत डुलत पावलं टाकली.

"जपून," अण्णा भिंतीला म्हणाले.

नात धपकन बसली आणि टाळ्या झाल्या. काकू खुर्चीत पुढे सरकल्या. हसताना नातीच्या गालाला खळी पडत होती, ती त्यांना आजवर कोणी सांगितलीच नव्हती. व्हिडिओ संपला तरी त्या भिंतीकडेच बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

"अहो, रडताय का?"

"छे. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यात जातोय."

"प्रोजेक्टर तुमच्या पाठीमागं आहे."

अण्णांनी रिमोटचं फडकं डोळ्यांना लावलं.

"मला आता सगळं दिसतं बरं का," काकू म्हणाल्या. "जपून राहा."