ब्रेक फितूर जाहले: गंगाधामच्या उताराची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्य अष्टमी, शुक्रवार, ते दिवशी कोंढव्याहून स्वारगेटास जाते समयी जे वर्तमान गुजरले, त्याविषयी आनंदवल्ली सोसायटीत बहुत प्रकारे बोलले जाऊ लागले. कोणी म्हणे गाडी तीन वेळा उलटली, कोणी म्हणे उडाली, आणि तळमजल्यावरील दिगंबरपंत तर ते रोजी नाशकात असता सर्व डोळ्यांदेखत पाहिल्याचे सांगत सुटले. तेव्हा वडीलधाऱ्या सुशीलाबाईंनी आज्ञा केली की, खरे तेवढेच लिहावे, पदरचे घालू नये. त्यावरून गाडीतील तिघांच्या तोंडून निरनिराळे ऐकिले आणि जेथे तिघांचे जुळले, तेवढेच येथे लिहिले आहे.

मोहिमेत असामी तीन. पैकी सरलष्कर मंदाकिनीबाईसाहेब, उमर सदुसष्ट, हयात गणित शिकविण्यात गेली, आणि गाडी हाकणे त्यांजकडे. त्यांचे यजमान राजश्री अनंतराव, निवृत्त हेडक्लार्क, गुडघ्यांनी जेर केल्यामुळे स्वतः न हाकता डावे बाजूस बसून सल्ला देत, आणि रोज सकाळी पार्किंगात गाडी चालू करोन, पुसोन ठेवण्याची चाकरी इमानाने करीत. मागील आसनावर अनंतरावांच्या थोरल्या भगिनी सुशीलाबाई, साताऱ्यास परत निघालेल्या, मांडीवर पिशवी, पायाशी दुसरी पिशवी. गाडी पांढरी, वय वर्षे चोवीस, काचा हाताने फिरवावयाच्या, आणि हॉर्नचा आवाज मात्र तरुण.

सकाळी साडेदहाचे सुमारास कूच जाहले. आईमाता मंदिरापासून गंगाधाम चौकाकडे जो उतार आहे, तो पुणेकरांस ठाऊकच. तेथे गाडी आपोआप धावते, थांबविणे मात्र हाकणाराचे हाती. उतारास लागल्यावर बाईसाहेबांनी रिवाजाप्रमाणे ब्रेकवर पाय ठेविला, आणि ब्रेक फितूर जाहला. पायाखाली काहीच लागेना. दाबला, सोडिला, पुन्हा दाबिला, तरी मुका.

"अहो, ब्रेक लागत नाहीये," वर्गात खडू संपल्याचे सांगावे तशा स्वरात बाईसाहेब बोलिल्या.

"नीट दाब," अनंतरावांनी सल्ला दिला.

"नीटच दाबतेय."

"मग जोरात दाब."

"तळाला टेकलाय. आता काय, रस्त्याला भोक पाडू?"

तेव्हा अनंतरावांस प्रसंगाचा अर्थ उमगला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग गाडीच्या रंगास मिळाला. गाडी तिसऱ्या गिअरात चाळीसाच्या पुढे गेली होती. समोर कोबीने भरलेला टेम्पो, दोहों बाजूंस दुचाकीस्वारांची दाटी, आणि खाली चौकात सिग्नल लाल. त्या लाल सिग्नलापाशी रांगेच्या अगदी शेवटी शाळेची पिवळी व्हॅन उभी होती. तिच्या मागल्या काचेतून दोन मुले जीभ काढून दाखवीत होती. ती मुले बाईसाहेबांस दिसली. पुढे त्यांनी सांगितले की, त्या क्षणापर्यंत भय वाटले नव्हते, मग मात्र वाटले, आणि वाटताच डोके एकदम स्वच्छ जाहले.

मग हुकूम सुटले. पहिला हुकूम अनंतरावांस की, दोन्ही आसनांमधला हँडब्रेक हाती घ्यावा, त्याचे बटण दाबूनच धरावे आणि बाईसाहेब सांगतील तेवढाच, थोडा थोडा ओढावा. एकदम ओढिल्यास मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरेल, सबब शहाणपणा करू नये. दुसरा हुकूम सुशीलाबाईंस की, काच खाली करोन जे कोणी वाटेत असतील त्यांस बाजूस करावे. स्वतः बाईसाहेबांनी चारी दिवे लुकलुकते केले, एक हात हॉर्नवर ठेविला, आणि क्लच दाबोन गाडी दुसऱ्या गिअरात घातली. इंजिनाने ऐसा हंबरडा फोडिला की अनंतरावांस वाटले, आता इंजिनही गेले. परंतु वेग तुटला. पस्तीस जाहला, मग तीस.

हॉर्नचा उपयोग काडीचा जाहला नाही. पुण्यात मागून हॉर्न वाजला तर माणूस आरशात न पाहता उलट सावकाश होतो. इकडे सुशीलाबाईंकडील काच फिरविण्याची दांडी हलेना, मग त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी पिशवी बाजूस टाकिली, दोन्ही हातांनी दांडी फिरविली, आणि खांद्यापर्यंत बाहेर होऊन खणखणीत आवाजात जाहीर केले की, "व्हा बाजूला, आमच्या गाडीला ब्रेक नाहीत."

याचा परिणाम विलक्षण जाहला. जे हॉर्नास बधले नव्हते, ते स्वार पाण्यासारखे दुभंगले. एक हेल्मेटधारी गृहस्थ मात्र शेजारून चालत राहिले आणि त्यांनी विचारिले, "मग गाडी बाहेर कशाला काढलीत?"

प्रश्न वाजवी होता, परंतु उत्तर देण्यास फुरसत नव्हती. सुशीलाबाईंनी त्यांस इतकेच सांगितले की, "तुम्ही पुढे व्हा, मी साताऱ्याहून पत्र टाकते." तेव्हा ते पुढे जाहले, आणि बहुत वाजवी माणूस निघाले, कारण पुढे जाऊन त्यांनी हात करोन कोबीचा टेम्पो उजवीकडे घेवविला. त्यांचे नाव कोणास कळले नाही.

"आता ओढा. एवढंच. धरा. आता अजून थोडा," बाईसाहेब सांगत होत्या आणि अनंतराव ओढीत होते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात बाईसाहेबांचे म्हणणे त्यांनी मध्ये न बोलता प्रथमच तडीस नेले. वेग पंचवीस जाहला, परंतु उतार सरत नव्हता आणि हँडब्रेकही वयाने थकलेला. चौक शंभर पावलांवर आला. व्हॅनमधील मुलांनी आता जीभ आत घेतली होती.

डावे हातास इमारतीचे बांधकाम चालू होते, आणि वाळूचा ढीग रस्त्याच्या कडेपर्यंत पसरलेला होता. बाईसाहेबांनी तो पाहिला, आसपास माणूस नाही हेही पाहिले, आणि अनंतरावांस विचारिले नाही. पहिला गिअर घातला. गाडीने मान झटकली. "धरून बसा वन्सं," एवढे बोलोन त्यांनी सुकाणू डावीकडे वळविले, आणि गाडी पदपथाच्या काठास एकदा घासोन त्या वाळूत शिरली. प्रथम सरसर आवाज आला, मग फसफस, मग पुढील चाके अर्धी बुडाली आणि सर्व थांबले.

बाईसाहेबांची बोटे सुकाणूवर ऐशी आवळली होती की ती सुटेनात, अनंतराव दोन्ही हातांनी हँडब्रेक धरोन डोळे मिटोन बसले होते.

मागून सुशीलाबाईंनी विचारिले, "हे स्वारगेट नाही ना?"

त्यावर बाईसाहेब हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मग अनंतरावांनी डोळे उघडिले आणि बाईसाहेबांचे एकेक बोट सुकाणूवरून सावकाश सोडविले.

बांधकामावरील रखवालदार संभाजी तरातरा आला. "ओ काकू, वाळू कुनाची हाय म्हायतीये का?" असे दरडावून विचारिता जाहला. मग आतील तिघांचे चेहरे पाहिले, आणि पाण्याची कळशी व तीन पेले घेऊन आला. तिघांस सावलीत विटांवर बसविले, गाडीच्या मागील चाकापुढे दगड लाविला. सिग्नल हिरवा जाहला आणि पिवळी व्हॅन काहीच न कळता मार्केट यार्डाकडे निघोन गेली.

फोन जाताच गुलटेकडीहून जब्बारभाई मिस्त्री स्कूटरवरून दाखल जाहले. वीस वर्षे ही गाडी त्यांच्याच हाताखाली. ते वाळूत आडवे होऊन गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "काकू, मागची ब्रेकची नळी गंजून फुटलीये. ऑइल एक थेंब नाही. पण हे एका दिवसाचं काम नाही. आठवडाभर गळत असणार. समोर लाल दिवा लागला असेल की."

"कुठला दिवा?" बाईसाहेब बोलिल्या. "मला नाही दिसला."

जब्बारभाईंनी आत वाकून पाहिले. दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी होती, आणि ती कात्रीने नीट चौकोनी कापलेली होती. ऐसे चौकोनी कापणारा माणूस त्या घरात एकच. जब्बारभाईंनी आपले पाने उगाच मोजावयास घेतले.

अनंतराव विटांवरून उठले. गुडघे दुखत असता बाईसाहेबांसमोर उभे राहिले आणि सर्व सांगितले की, आठ दिवसांपूर्वी सकाळी गाडी पुसते वेळी दिवा पेटलेला पाहिला. दुरुस्ती निघाली तर तू गाडी विकून टाकशील ऐसे वाटले. दिवाच बिघडला असेल अशी मनाची समजूत घातली, आणि पट्टी लाविली. "ताई मागं बसली होती," ते म्हणाले. "ती पोरं होती. मंदा, माझी चूक झाली."

बाईसाहेबांनी सरकून विटेवर जागा केली.

"बसा," त्या बोलिल्या. "गुडघे दुखतायत ना."

येणेप्रमाणे गंगाधामच्या उतारावर फत्ते जाहली. माणूस एकही जायबंदी नाही, गाडीचा पुढील डावा दिवा मात्र फुटोन कामास आला. सुशीलाबाईंची साताऱ्याची बस चुकली आणि त्यांनी मुक्काम आठ दिवसांनी वाढविला. गाडी थांबविली हे शौर्य थोरच, परंतु दफ्तरी खास नोंद करावयाची ती दुसऱ्या गोष्टीची: मार्गशीर्ष वद्य अष्टमीस, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वाळूच्या ढिगाशेजारी, राजश्री अनंतराव यांनी "माझी चूक झाली" हे शब्द स्वमुखे, पूर्ण शुद्धीवर असता, कोणी न मागता उच्चारिले. साक्ष जब्बारभाई मिस्त्री, साक्ष संभाजी रखवालदार. सुशीलाबाईंनी साक्षीत आपल्या हाताने एक ओळ जोडिली, ती जशीच्या तशी: "मी याला जन्मापासून ओळखते. मीही आजच ऐकलं."