एक तास चाळीस मिनिटं

सासऱ्यांच्या विमानाचं तिकीट वाचून गप्प बसायचं सोडून मोजपट्टीरावांनी नकाशा उघडला, आणि तिथेच माशी शिंकली.

ते रस्ते खात्यात आरेखक होते. (मोजपट्टीराव हे नाव कचेरीनं ठेवलं होतं. प्रेमानं, असा त्यांचा समज होता.) सासरे एकटेच पहिल्यांदा विमानात बसणार होते, त्यांच्या थोरल्या मुलाची नुकतीच परदेशात बदली झाली होती, त्याच्याकडे महिनाभर राहून परत येत होते. तिकिटावर होतं : सुटणार नऊ दहा, पोचणार बारा पन्नास.

"साडेतीन तासांच्या वर?" मोजपट्टीराव म्हणाले. "अंतर तेराशे चाळीस किलोमीटर. ताशी आठशे धरले तर एक तास चाळीस मिनिटं. दहा पन्नासला बाबा बाहेर!"

"ते लोक रोज विमानं उडवतात," बायको म्हणाली, "तुम्ही रस्ते आखता."

"दोन तास उगाच हातचे धरलेत त्यांनी. तेवढा वेळ बाबांना ताटकळत ठेवू?"

साडेदहालाच ते विमानतळावर हजर झाले. दहा पन्नास झाले. अकरा झाले. फलकावर त्या विमानाचं नाव नाही. सासऱ्यांचा फोन बंद. सव्वाअकराला त्यांनी नको तेच केलं : बायकोला फोन केला.

"विमान आलेलं नाही! पंचवीस मिनिटं झाली!"

पलीकडून हुंदका. "अहो, काहीतरी करा ना..."

साडेअकराला ते चौकशीच्या खिडकीवर अक्षरशः आदळले. "बाई, विमान बेपत्ता आहे. माझे सासरे आहेत त्यात!"

बाईंनी शांतपणे संगणकात पाहिलं. "ते तर आत्ता वीस मिनिटांपूर्वी सुटलंय."

"म्हणजे दोन तास उशिरा?"

"नाही, अगदी वेळेवर. नऊ दहाला."

"अहो, नऊ दहाला मी दाढी करत होतो!"

"तुमच्याकडे नऊ दहा तेव्हा वाजले, काका. त्यांच्याकडचे आत्ता वाजले. तिकडचं घड्याळ दोन तास मागे असतं." बाईंनी जरा वाकून पाहिलं. "प्रवास तेवढाच, एक तास चाळीस मिनिटं. पाणी देऊ का?"

हिशेब बरोबर निघाल्याचा आनंदही मोजपट्टीरावांना झाला नाही, इतकं त्यांना हायसं वाटलं. त्यांनी घरी फोन लावला. "विमान सापडलं!"

"हरवलं कुणाकडून होतं?" बायको नाक ओढत म्हणाली, पण मग तीही हसली, आणि बराच वेळ हसत राहिली.

बारा पन्नासला विमान उतरलं. थोड्या वेळानं सासरे चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले. ढकलणाऱ्या माणसाला काहीतरी गंमत सांगत, चांगले ताजेतवाने. त्यांना पाहताच मोजपट्टीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोल सावरायला त्यांनी खांबाला मिठी मारली.

"अरेरे!" म्हणत सासरे टुणकन उठले. "बसा, बसा. मी नुसता हौसेनं बसलो होतो."

मोजपट्टीराव खरंच बसले. माणूस खुर्ची ढकलू लागला आणि सासऱ्यांनी शेजारून चालता चालता लेकीला फोन लावला.

"अगं, काळजी करू नकोस. जावईबापू सुखरूप पोचले."