चहा न घेणारा परीक्षक

यंदा परीक्षक व्हायचं ते आपणच, असं शांतलिंग सरांनी मागच्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवण्यात त्यांची हयात गेली. डोकं मात्र निवृत्तीनंतरही तापलेलंच राहिलं! आता तापायचं कारण म्हणजे ती ढाल. कामगारांना उत्तम प्रशिक्षण देणाऱ्या उद्योगाला धाराशिवचं एक उद्योजक मंडळ दरवर्षी ढाल देतं. मागच्या साली ती गेली कुठं? तर जिथं कामगारांना काडीचं शिकवलं नव्हतं, पण परीक्षकांना मटण झणझणीत वाढलं होतं, तिथं!

"म्या फुकट काम करतो!" मंडळाच्या बैठकीत सरांनी टेबलावर मूठ आपटली. "पण कुणाची शाल घेनार न्हाय, नारळ घेनार न्हाय, घोटभर च्यासुदिक पिनार न्हाय! आन् कुठं सांगून जानार न्हाय!"

मंडळाच्या माणसानं भीत भीत गळ्यात घालायचं ओळखपत्र पुढं केलं.

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो!" सर म्हणाले आणि उठले.

जन्मभर कमावलं काय, तर एवढंच. शांतलिंग कुणाच्या चहाचा मिंधा नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. त्या नावाला ते जिवापेक्षा जपत.

जोडीला दुसरे परीक्षक होते योगीराज. हा गृहस्थ जाईल तिथं फेटा बांधून घ्यायचा आणि मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. सकाळी भगवा फेटा, दुपारी गुलाबी! तिसऱ्या फेट्याला सरांनी रागानं ग्रुपच सोडला.

शेवटची भेट होती येरमाळ्याच्या रस्त्यावरच्या एका पेढ्याच्या कारखान्याची. संध्याकाळी लगेच बक्षीस समारंभ. योगीराज मागून गाडीनं येणार होते, म्हणून सर आधीच एसटीनं निघाले. फाट्यावर उतरले आणि मागच्या दारानं थेट भट्टीघरात शिरले. बायका कढईत खवा हलवत होत्या. सरांनी कढईत डोकावून पाहिलं, भट्टीखाली वाकून पाहिलं, खव्याचा वास घेतला.

"कोन पायजे, दादा?" त्यांच्यातल्या थोरल्या धुरपदाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाय. तुमचं चालू द्या."

"बसा की मग. च्या घ्या."

"च्या घेत नसतो म्या!"

सगळी उलथणी जागच्या जागी थांबली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग धुरपदाबाई एकदम गोड आवाजात म्हणाली, "त्या साखरेच्या खोलीत बघितलं का, दादा? तिथं तर लई बघन्यासारखं हाय."

सर हौसेनं आत गेले. मागून कडी लागली!

"ए बाई! दार उघड! मी परीक्षक आहे!"

"व्हय व्हय!" धुरपदाबाई खिडकीशी आली. "मागल्या दिवाळीला असाच एक आल्ता. म्हनला तपासनीचा सायब हाय. नमुना म्हनून डबाभर पेढे घेऊन गेला, त्यो आजून येतोय! तवापासून आमच्या दीपालीताईनं तोतया कसा वळखायचा ते शिकवलंय. खरा सायब कळवून येतो. गळ्यात वळखपत्र असतंय. तोतया एकटा येतो, मागच्या दारानं येतो, आन् धरला की वरडतो."

"मी ओरडत नाही!" सर ओरडले.

"बघा!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"आणि चहाचं काय? तेही तुमच्या ताईनंच शिकवलं?"

"न्हाय, ते आमी आमच्या अकलेनं घातलं. च्याला न्हाय म्हननारा सायब ह्या जल्मात बघितला न्हाय!"

सरांनी संतापून साखरेच्या पोत्याला लाथ घातली. पोतं जागचं हललं नाही, अंगठा मात्र टम्म सुजला. तेवढ्यात दीपाली आली. ही कामगारांना शिकवणारी मुलगी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मोबाइलवरचे मंडळाचे फोटो खिडकीतून दाखवले. सगळीकडं योगीराज!

"काका, ह्यात तुम्ही कुठं दिसत न्हाई. सत्काराचा एक तरी फोटो दाखवा."

"सत्कार घेत नसतो मी!"

"मग परीक्षक कसले? बरं, ह्या योगीराज सरांना फोन लावा."

"त्या फेट्याला? मेलो तरी न्हाय!"

आणि खरंच लावला नाही. घामानं अंगाला चिकटलेली साखर झाडत बसले, पण लावला नाही. शेवटी बाहेर गाडी वाजली, पुढच्या दारी औक्षण झालं आणि नवाकोरा फेटा बांधलेले योगीराज खिडकीशी आले. आत पाहतात तर काय!

"अहो, हे तर आमचे शांतलिंग सर!" ते इतके हसले की फेटा कानावर आला.

कडी निघाली. धुरपदाबाईच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. "चुकलं, दादा!" आता चूक झाली तर आपल्याकडं उपाय एकच, सत्कार! कुणीतरी सरांच्या खांद्यावर शाल टाकली, कुणी हातात नारळ कोंबला. "नको!" म्हणायला सरांनी तोंड उघडलं, तर त्यात धुरपदाबाईनं पेढा घातला. नेमका तेव्हाच योगीराजांनी फोटो काढला!

परतीच्या गाडीत सर धुमसत होते. ह्यांना शून्यच द्यायचं! पण जिल्हाभर काय पाहिलं होतं? भिंतीवर तक्ते, आणि तक्त्यात काय लिहिलंय ते एकाही कामगाराला सांगता येईना. इथं शिकवलेलं बायकांनी करून दाखवलं होतं, तेही खुद्द सरांवरच! सरांनी दात-ओठ खात पैकीच्या पैकी गुण लिहिले.

योगीराज हळूच म्हणाले, "आज शाल घेतलीत सर. जरा हात आखडता घ्या. लोक बोलतील."

"लोकांच्या भ्यानं खोटे गुण देऊ?"

ढाल पेढ्याच्या कारखान्याला गेली. दीपाली आणि धुरपदाबाईनं मिळून ती उचलली, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या सरांनीच वाजवल्या, तोंड मात्र वाकडं करून.

सकाळी सिताबाईंनी नवऱ्यापुढं मोबाइल धरला. फोटो गावभर फिरला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, पेढ्यानं फुगलेला गाल. खाली ओळ, 'पहिला क्रमांक!' त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'एवढा कडक माणूस, शेवटी पेढ्याला पाघळला!'

"जल्मभर कुनाचा च्या प्यालाव न्हाय," सिताबाई म्हणाल्या, "आन् शाल घेतलाव ती नेमकी ढालवाल्याचीच?"

"म्या खरे गुन दिलेत!" सर कडाडले. भिंतीवरची पाल पळाली.

"वरडू नका. धरल्यावर कोन वरडतो, ते तुमीच रात्री सांगितलंव."

सर उघडलेलं तोंड तसंच मिटून खाली बसले. जन्मभराचं नाव एका पेढ्यात गेलं होतं, आणि तो पेढा नीट चावतासुद्धा आला नव्हता.

"घोटभर च्या ठिवू का?" सिताबाईंनी विचारलं.

"आता घोटभर कशाला?" सर म्हणाले. "चांगला कपभर ठिव!"