भिकूआबांची चंद्री

भिकूआबांना प्रकृती विचारली की ते शेळीकडे बोट दाखवत. "हिला इचारा. हिनं पाला खाल्ला, म्हंजी मी बरा हाय." डॉक्टरांनी नाडी बघायला हात पुढे केला, तर आबा शेळीचा कान त्यांच्या हातात देत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या वेशीबाहेर निराधार म्हाताऱ्यांचा एक आश्रम होता. मी तिथे कारकून. आबा खर्डा गावाकडून आपली शेळी चंद्री घेऊन आले, तेव्हा मीच त्यांना सांगितलं, जनावर आत चालणार नाही. "मंग मी बी जनावरच," म्हणत ते तीन दिवस दारात बसून राहिले. चौथ्या दिवशी देणगीदार यायचे होते. दारात म्हातारा बरा दिसत नाही, म्हणून सेक्रेटरींना पाझर फुटला आणि दोघं आत आली.

तोवर आमचे दहा म्हातारे भिंतीकडे तोंड करून मरणाची वाट बघत पडलेले असत. आता चंद्रीला बाभळीच्या शेंगा कोणी आणायच्या यावरून त्यांची कडाक्याची भांडणं होऊ लागली. कोर्टातले जुने शिरस्तेदार रावसाहेब अर्धांगवायूने पडलेले. वर्षभर कोणाशी बोलले नव्हते. आबांनी चंद्रीचं दावं त्यांच्या धडधाकट हातात दिलं. तिने त्यांचं धोतर चघळायला घेतलं, तसे रावसाहेब खणखणीत ओरडले, "सोड, हरामखोर!"

"बगा, लई गुनाची हाय माजी चंद्री!" आबा खूष.

अहवालात मात्र लिहिलं गेलं, रहिवाशांची प्रकृती संस्थेच्या शिस्तीमुळे सुधारली. सेक्रेटरींनी सांगितलं, मी लिहिलं.

पुढे एका बड्या देणगीदाराचा चुलता, त्याच्या एवढ्या मोठ्या घरात मावेना म्हणून, आमच्याकडे यायचा ठरला. खाट टाकायला जागा एकच, ओसरीवरचा चंद्रीचा कोपरा. सेक्रेटरी म्हणाले, "शेळी उद्या बाजारात धाडा."

रावसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. दावं मुठीत धरून नुसते बसून राहिले. आबा आम्हाला शिव्यांची लाखोली वाहतील, अशी माझी खात्री होती. सकाळी ते खांद्यावर घोंगडी टाकून माझ्यापुढे उभे राहिले.

"पाव्हन्याला माजी खाट द्या. चंद्री ऱ्हाऊ द्या तितंच."

"आणि तुम्ही? तुम्हाला कोण आहे आबा?"

"कुनी न्हाई." मग म्हणाले, "पर मला चालाया येतंय. रावसायबाला न्हाई."

मी सेक्रेटरींशी भांडायला हवं होतं. नोकरी जाण्याच्या भीतीने गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते. दुपारी आबांच्या रिकाम्या खाटेवर नवी चादर मीच घातली.