ओटीतला वाद्यवृंद

डबी उघडी, प्लास्टिकचं कवच दोन तुकड्यांत आणि आतलं नाणं गायब, हे पाहून अरुणकुमार निखाडे कपाटासमोर फरशीवरच बसले. सोन्याचं ते एकुलतं एक नाणं होतं. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाच्या सन्मानासाठी तिथली टांकसाळ ही नाणी पाडते. एका बाजूला व्हायोलिन आणि इतर वाद्यं, दुसऱ्या बाजूला भलामोठा ऑर्गन. चांदीची त्यांनी दरवर्षी एक अशी जमवली होती आणि दरवर्षी त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली होती. तरुणपणी ते मंडळाच्या गणपतीत स्वतः व्हायोलिन वाजवत. लोकांनी हात जोडले म्हणून थांबले, पण हौस मेली नाही, ती नाण्यांत शिरली.

सोन्याचं नाणं मात्र त्यांनी यंदा प्लँटच्या बोनसमधून घेतलं, आणि त्याच बोनसच्या रमाबाईंना पाटल्या हव्या होत्या. म्हणून बोनस नावालाच झाला असं त्यांनी घरी सांगून टाकलं, आणि नाणं विचाराल तर पितळेचं.

"रमा, या डबीतलं कुठं गेलं?" त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"ते वीणावालं?" रमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "काल शिल्पाची ओटी भरली ना. घरात सुट्टं नव्हतं, आजकाल सगळे मोबाईलवरच देतात. ओटी का बिना पैशाची भरू? आन् पितळच होतं म्हणे ना ते."

पितळेसाठी ऊर बडवणारा माणूस संशयास्पद दिसतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शिवाय ओटीत घातलेलं परत मागायचं कसं? नवरात्राच्या दिवसांत टाउनशिपच्या सेक्टर सहामध्ये असं कुणी केलं असतं, तर त्याची बदली झाल्यावरही लोक विसरले नसते.

ते शेजारी शिल्पाकडे गेले, तेव्हा त्यांच्याकडे एक खोटं तयार होतं. पण शिल्पानं ओटी ठेवलीच नव्हती. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस, नाणं, सगळं तसंच्या तसं तिनं रात्री सासूबाईंच्या ओटीत घातलं होतं. त्यात तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे ओटीतला ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, तो फिरतो. आणि सासूबाई, म्हणजे शेवंताबाई, ओटीसकट सकाळच्या गाडीनं लेकीकडे गोंदियाला निघाल्या होत्या. लेकीचं बाळ दीड महिन्याचं.

अरुणकुमारांच्या तोंडातून तयार असलेलं खोटं निसटलं.

"त्या पितळेत कायतरी विषारी मिसळलं आहे म्हणतात. परत मागवलं तर बरं होईल. लेकराबाळांच्या घरात नको."

शिल्पाचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाच्या घरात विष जाऊन राहिलं, या एका विचारापुढे तिला दुसरं काही ऐकू येईना. तिनं फोन लावला. "पुडीत बांधून ठेवा म्हण," असं अरुणकुमार मागून सांगत होते, पण तोवर तिनं सासूबाईंना ते पिवळं नाणं आत्ताच्या आत्ता फेकायला सांगितलं होतं. फोनमधून गाडीचा खडखडाट एकदम मोठा झाला. गाडी शिवनाथ नदीच्या पुलावर आली होती.

"टाकलं बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "शिवनाथ मैयाले वाहून देल्लं. काकाजीले सांग, लई उपकार झाले."

अरुणकुमारांनी उपकारांचा स्वीकार केला आणि घरी आले. त्यांना रडू येत होतं, आणि ते कशामुळे येतंय हेही कुणाला सांगता येत नव्हतं. जेवणात घास उतरेना. रमाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कपाळाला हात लावून ताप पाहिला, तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. बोनस, सोनं, पितळ, विष, नदी, सगळं त्यांनी सांगून टाकलं आणि मान खाली घालून वादळाची वाट पाहिली.

रमाबाईंनी ताट बाजूला सरकवलं. मग एवढंच विचारलं, "चोख सोनं होतं?"

"चोख."

त्यांनी फोन उचलला. भावाला बोलावतात की काय, असं अरुणकुमारांना वाटलं. पण फोन शिल्पाला होता. "अगं, विषबिष काही नाही. मी तुझ्या ओटीत सोनं घातलं होतं," त्या सहज सांगत होत्या. "जाऊ दे गं, मैयाले पोचलं ना." नंतर त्यांनी महिला मंडळाच्या प्राचीला फोन केला आणि प्राचीनं बाकीच्यांना. ओटीत सोनं घालणारी बाई अख्ख्या टाउनशिपमध्ये एकच निघाली. रमाबाईंचा चेहरा असा उजळला होता की पाटल्यांनीसुद्धा उजळला नसता. अरुणकुमारांना वाटलं, सुटलो. गेलं ते गेलं, निदान संसार राहिला.

संध्याकाळी त्या कपाटाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अष्टमीले सवाष्णी सांगितल्या आहेत. एकदा सोनं देल्ल्यावर आता दहाचं नाणं देऊ का? लोक का म्हणतील? चांदी तरी पाहिजेच." त्या बोटांवर मोजू लागल्या. "आधी नऊ होत्या, आता पंधरा येऊन राहिल्या. शेवंताबाई बी गोंदियाहून परत निघाल्या. तुमच्यापाशी किती आहेत?"

"चौदा," अरुणकुमार कसंबसं म्हणाले.

"एक कमी पडते," रमाबाई म्हणाल्या. "मागवून घ्या ना."

इतक्या वर्षांत नाणं घ्यायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.