वर्नरच्या घरातला दुसरा आवाज

"यंदा या घरात कोणी ओरडणार नाही," गुद्रूननं न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं आणि राय धान्याच्या पावावर हेरिंग माशाचा तुकडा असा थापला, की वर्नरनं पुढचा घास जपूनच घेतला.

वर्नर डेन्मार्कमधल्या लेमविगचा हौशी रेडिओवाला होता. वसंतातल्या नॉर्डिक स्पर्धेत दिवसभर माइकवर हाका मारायच्या, जो उत्तर देईल त्याची नोंद करायची. एकट्यानं खेळणाऱ्यांत जो जिंकेल, त्याला लाकडी बगळा मिळे. तो बगळा कित्येक वर्षं गावातल्याच दुसऱ्या रेडिओवाल्याच्या, एबेच्या खिडकीत, रस्त्याकडे चोच करून उभा होता. पाव आणायला जाताना वर्नर त्या घरापाशी मान वळवून समुद्राकडे बघे. आयुष्यात एकदा तरी तो बगळा आपल्या खिडकीत आणायचाच, असं त्यानं ठरवलं होतं.

"हाक रेकॉर्ड कर, बटण दाब, निवांत बस. सगळे तसंच करतात," गुद्रून म्हणाली.

"सगळे करतात म्हणूनच मी करणार नाही. माझा घसा ठणठणीत आहे."

"माझे कान नाहीत ना ठणठणीत! तीच ती हाक दिवसभर ऐकून मागल्या वर्षी मी झोपेत तुझ्या नावानं उत्तरं देत होते."

शेवटी वर्नर धुसफुसत तयार झाला. स्पर्धेच्या आदल्या दुपारी त्यानं हाक रेकॉर्ड केली, एकदाच. नेमका तेव्हाच पोस्टमन आला आणि बुलर कुत्रा भुंकला, पण वर्नर थांबला नाही. केलेलं त्यानं पुन्हा ऐकलंही नाही. स्वतःचा आवाज काय ऐकायचा, असं त्याचं म्हणणं. कानांना हेडफोन लावताना आपली हाक आपल्याला ऐकू येणार नाही अशी व्यवस्थाही त्यानं करून टाकली.

स्पर्धा सुरू झाली. वर्नरनं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसला. इटलीवाले धडाधड आले. पण इटलीवाल्यांचा एकेक गुण. तीन-तीन गुणांचे स्वीडिश आणि नॉर्वेजियन गेले कुठे? वर्नरनं आधी अँटेनाला शिव्या दिल्या, मग रेडिओलहरी बिघडवणाऱ्या सूर्याला. मग त्यानं हाक दुप्पट वेळा वाजवायला सुरुवात केली. तेव्हा तर घरचा डेन्मार्कही मुका झाला.

बऱ्याच वेळानं एक नॉर्वेजियन आला, अगदी दबक्या आवाजात. "माफ करा, मी बोललो तर चालेल ना?"

"चालेल म्हणजे? बोल की!"

त्याच्यामागून एक स्वीडिश बाई आली. नोंद झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

वर्नर चक्रावला. एवढ्यात फोन वाजला. एबे होता, आणि आवाजात साखर होती.

"वर्नर, तुझी हाक ऐकतोय सकाळपासून. छान आहे. पण तू बोलून झाल्यावर तुझी बायको दर वेळी सांगते, 'गप्प बस आता, किती ओरडशील!' आपली डॅनिश ज्यांना कळते, ते लोक बिचारे गप्प बसतात रे."

वर्नरनं हेडफोन काढला आणि हाक ऐकली. कुत्र्याचं भुंकणं नेमकं तिच्या वाक्याखाली दबून गेलं होतं. उरली होती ती फक्त बायकोची जरब.

"आणि दुसरं म्हणजे," एबे पुढे म्हणाला, "एकट्याच्या गटात दुसऱ्याचा आवाज चालत नाही. सकाळपासूनच्या नोंदी पूस, नवी हाक रेकॉर्ड कर, मी विसरून जातो. वहिनींनाही सांग जरा, स्पर्धेत तोंड आवरत जा म्हणावं."

झालं! वर्नरनं त्याला जे सुनावलं, ते खाडीपलीकडे रेडिओशिवाय पोचलं असेल. वर्षभर मध चाटून जपलेला घसा त्यानं त्या एका फोनवर उधळला. शेवटचा शब्द तर घशातून बाहेरच पडला नाही.

गुद्रून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी कुत्र्याला म्हणाले होते," ती म्हणाली. "पण माफी मागणार नाही. माझ्या घरात मी बोलले."

वर्नरनं स्क्रीनवरच्या नोंदी पाहिल्या. पुसल्या तर बगळ्याची थोडी आशा होती. नाही पुसल्या तर एकट्याच्या गटातून नाव बाद, बगळा एबेच्याच खिडकीत.  मग तो उठला, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"दोघांचा गट," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रेडिओचा परवाना आहे ना तुझा?"

"आहे म्हणजे? लग्नाच्या वर्षी तुझ्याच हट्टापायी काढला. त्यानंतर या खोलीत मला फक्त कॉफी घेऊन बोलावलंस."

ती बसली. रेकॉर्ड केलेली हाक वाजवणाऱ्या यंत्राची वायर तिनं उपटून टाकली.

"लेमविगहून गुद्रून बोलतेय. आता बोला सगळे! कोणी गप्प बसायचं नाही!"

नॉर्वे तुटून पडला. स्वीडननं रांग लावली. "त्या तुम्हीच का?" प्रत्येक जण विचारत होता. "मीच ती," गुद्रून ठणकावून सांगत होती, आणि घर दणाणत होतं. वर्नर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. त्याला त्या बगळ्याचं वाईट वाटत होतं, पण सुरी भराभर चालत होती.

तेवढ्यात दारात कोणीतरी आलं आणि बुलरनं घर डोक्यावर घेतलं. वर्नरनं तोंड उघडलं, पण गप्प करायला घशात आवाजच नव्हता. बुलरचं भुंकणं थेट नॉर्डिक देशांत गेलं.

फोन वाजला. "वर्नर, आता कुत्राही ऐकू येतोय हं," एबे म्हणाला.

वर्नरनं घशात होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"मग लिही," तो खरखरला, "तिघांचा गट!"

त्यानं फोन आपटला आणि गुद्रूनसाठी कॉफी ठेवली.